चिठ्ठीवरचं औषध

गोंदियात मेडिकलच्या काउंटरवर एक गृहस्थ म्हणाले, "भाऊ, आठच गोळ्या दे, बाकीच्या मग नेतो." चिठ्ठी कुत्र्याची होती. गोचीड तापावर डॉक्सिसायक्लिन, रोज एक, २८ दिवस. दुकानदारानं कात्रीनं पत्ता कापून दिला. हा ताप दोन-चार दिवसांत उतरतो, कुत्रं खायला लागतं आणि राहिलेल्या गोळ्या कुणी न्यायला येत नाही. आजार उलटला की रक्ततपासणी, सलाइन. वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातात.

*

डॉक्सिसायक्लिन माणसांनाही देतात. जनऔषधी केंद्रात ते स्वस्तात मिळतं. पण चिठ्ठीवर नुसतं कंपनीचं नाव असेल, तर गिऱ्हाईक दुसरं काय मागणार? घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिले, तर निवड त्याच्या हातात येते.

*

स्वस्त मिळतं म्हणून घरातली गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलनं मांजर दगावतं. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

*

गाईगुरांना लाळ्या-खुरकूतची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट टोचतात. जिल्हा परिषदेच्या ढोरांच्या दवाखान्यात उपचार नाममात्र शुल्कात होतात. कुत्र्या-मांजरांची बरीच औषधं मात्र बाहेरून आणावी लागतात. अवघड दुखणं असलं की नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचं. गोंदियाहून ते रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर. जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या माणसाला आधी घरून निघण्याचीच तजवीज करावी लागते. रेल्वेच्या साध्या डब्यात कुत्रं सोबत नेता येत नाही, म्हणून गाडी भाड्यानं करायची. त्या दिवसाची मजुरीही बुडते. औषधाच्या बिलात हे कुठंच दिसत नाही.

*

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक स्वस्त होतं, म्हणून गुरांना सर्रास टोचलं गेलं. त्या गुरांची मढी खाऊन देशातली गिधाडं संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही. गिधाडांना अपाय न करणारं मेलॉक्सिकॅम बाजारात आहे. डॉक्टरांनी तेच लिहावं, आपणही तेच मागावं.

*

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'पशु औषधी' योजना मंजूर केली. सहकारी संस्था आणि पीएम किसान समृद्धी केंद्रांतून जनावरांची जेनेरिक औषधं विकायची, त्यासाठी ७५ कोटी रुपये. भर पशुधनावर आहे. धानाच्या या गोंदिया जिल्ह्यात आठही तालुक्यांत असा काउंटर हवा आणि त्यावर कुत्र्या-मांजरांची औषधंही हवीत.

*

पाळणाऱ्यांना एवढंच सांगणं: डोस वजनावर ठरतो, म्हणून जनावराचं वजन करून घ्या. घटकाचं नाव लिहून मागा. रेबीजची लस चुकवू नका. आणि पैसे कमी पडत असतील तर गोळ्या कमी करू नका, डॉक्टरांना तसं मोकळेपणानं सांगा; स्वस्तातला पर्याय पुष्कळदा असतो.