जुनी जीप आणि रायगडची किनारवाट

बैल घ्यायला बाजारात गेलो की आपण आधी खूर पाहतो, मग दात, मग खांदा. रंग आणि शिंगे सर्वांत शेवटी. जुनी जीप घ्यायला गेलेला माणूस मात्र नेमका उलटा चालतो. नवा रंग, चकचकीत बंपर आणि वरचे दिवे पाहून हरखतो, आणि चाकांकडे ओझरती नजर टाकून इसार देऊन मोकळा होतो. पुढे पहिल्याच पावसाळ्यात चिखल त्याला त्याची चूक दाखवतो.

वाचकहो, आज आपण रायगडच्या किनाऱ्याने एक फेरी मारू. १९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. वडखळपासून हरिहरेश्वरपर्यंत जाताना खाडीचा चिखल, गुळगुळीत डांबर, जांभ्याची धार, भुसभुशीत पुळण आणि लोखंड खाणारा खारा वारा असे सारे एकाच वाटेवर भेटते. जुन्या जीपला कोणते टायर घालावेत आणि तिच्यावर पहिला पैसा कशासाठी खर्चावा, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. तुमचे गाव घाटावर असले तरी यातले बरेच तुम्हाला उपयोगी पडेल.

जीप आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलिस जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. पुढे सीजे-३बी, एमएम ५४०, कमांडर, मेजर अशी पिढ्यांमागून पिढ्या झाली. त्यांतल्या कितीतरी गाड्या अजून नारळ-सुपारीच्या वाड्यांत आणि भाताच्या खळ्यांवर राबत आहेत. मात्र जीप दिसली म्हणजे तिच्या चारही चाकांना जोर असतोच, असे समजू नका. कमांडर, मेजर यांसारख्या पुष्कळ गाड्यांत फक्त मागची चाके ओढतात. घेण्यापूर्वी खाली वाकून पुढच्या धुरीकडे जाणारा दांडा आहे का, ते पाहा. असला तर मोकळ्या मातीत तो जोडून चालवून पाहा.

खाडीकाठचा चिखल

वडखळहून अलिबागकडे निघालो की पोयनाडच्या पुढे दोन्ही बाजूंना खारजमिनी लागतात. याच पट्ट्यात चरी हे गाव आहे. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली इथल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, पण माघार घेतली नाही. समुद्राशी झगडून, बांध घालून मिळवलेली ही जमीन आहे. तिची माती काळी, चिकट आणि ओली झाली की साबणासारखी.

अशा चिखलात रुंद टायर वर तरंगतो आणि घसरतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थराला पोचतो. जुन्या जीपला कंपनीने ६.००-१६ मापाचा अरुंद टायर दिला होता, तो काही उगीच नव्हे. त्याच्या नक्षीचे दाते उंच आणि त्यांमधली जागा मोकळी असली, म्हणजे चाक फिरता फिरता चिखल झटकून टाकते. दाते जवळजवळ असले की चिखल त्यांत बसतो आणि टायर लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो.

पण खाडीलगतच्या खोल गाळाला तळच नसतो. तिथे कोणताही टायर चालत नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. पावसात खारबांधावरून जीप नेऊ नका. उंच दात्यांच्या टायरने ओल्या बांधावर चाकोरी पडते, चाकोरीत पाणी साठते, बांध तिथे मऊ होतो आणि पुढच्या उधाणाला नेमका तिथेच फुटतो. खारे पाणी एकदा शेतात शिरले की ते क्षार धुऊन निघायला पुढचे पावसाळे खर्ची पडतात. आपले दहा मिनिटांचे चालणे वाचले, पण शेजाऱ्यांच्या भाताचे काय?

भरतीचा अंदाज किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीवरून घेतात, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण खाडीकाठच्या सखल रस्त्यावर उधाणाच्या दिवशी अडकण्यापासून तो वाचवतो.

डांबर आणि जांभा

अलिबाग सोडून चौल-रेवदंड्याकडे वळलो की वाड्यांमधले अरुंद रस्ते सुरू होतात. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर नारळी-पोफळींची सावली. रेवदंड्याला कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून साळावला गेलो की वाट डोंगराच्या कुशीतून, कधी समुद्राला लगटून मुरुडकडे जाते. अलिबाग ते मुरुड हे अंतर सुमारे ५० किलोमीटर, आणि जवळजवळ सगळे डांबरी.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा. माझी जीप वर्षातले किती दिवस चिखलात आणि किती दिवस डांबरावर चालणार? बहुतेकांचे उत्तर डांबर हेच येईल. उंच दात्यांचा टायर डांबरावर घोंघावतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की घसरतो. म्हणून वर्षभर बाजारहाट, शाळा, दवाखाना आणि अधूनमधून शेत असा वापर असेल, तर मध्यम खोल नक्षीचा, दोन्ही कामांना चालणारा टायर घ्यावा. रोज शेत-खळे आणि लाकूडफाटा वाहणे असेल, तरच दात्यांचा घ्यावा.

रुंद टायरचा मोह अनेकांना पडतो. दिसतो भारदस्त. पण मूळ अरुंद रिमवर तो नीट बसत नाही, म्हणून रिम बदलावी लागते. जुन्या जीपला पॉवर स्टेअरिंग नसते, तेव्हा चौलसारख्या अरुंद गल्लीत वळवताना खांदे भरून येतात. पूर्ण वळणावर टायर पाट्यांना घासतो आणि चाकाच्या बेअरिंगवर भार वाढतो. १५ इंची रिमच घालायची असेल, तर २३५/७५ आर १५ हे माप उंचीला मूळ टायरच्या अगदी जवळ, सुमारे ७३ सेंटिमीटर भरते. २१५/७५ आर १५ सुमारे ७० भरते. ३१ इंची टायर मात्र जवळपास ७९ सेंटिमीटर उंच असतो. तो घातला की इंजिनाला ओढ जड जाते आणि स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो.

जांभ्याचे दोन स्वभाव आहेत. उन्हाळ्यात त्याची धार टायरची बाजू कापते, आणि पावसाळ्यात शेवाळ धरून तो काचेसारखा होतो. म्हणून टायर विकत घेताना बाजूची भिंत बोटांनी दाबून, वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर तो टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी घेऊ नका. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ३२२२ म्हणजे २०२२ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. लिलावातून आलेले जाड दात्यांचे टायर स्वस्त मिळतात, पण रबर म्हातारे झालेले असते. रिसोल केलेले टायर तर घाटाच्या उतारावर पुढच्या चाकांना कधीही लावू नका.

चारही चाकांना जोर असलेल्या जीपला चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. दोन नवे मोठे, दोन जुने लहान असे केले, की पुढची आणि मागची धुरी एकमेकींशी झगडतात आणि मधला गिअरबॉक्स मोडतो. याच कारणाने कोरड्या डांबरावर चारही चाकांचा जोर लावू नये. हिशेब चार टायरांचा करू नका, पाचांचा करा. स्टेपनी त्याच मापाची हवी.

पुळणीवर

साळावच्या पुढे काशीदला पांढरी पुळण आणि सुरूची बने दिसतात. इथेच पर्यटकांच्या गाड्या रुततात. २०२४ च्या डिसेंबर अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फेरारी ही कोट्यवधींची परदेशी मोटार अशीच रुतली आणि ती शेवटी बैलगाडीने ओढून काढली. वर्तमानपत्रांनी ते चित्र हौसेने छापले. आपल्याला त्यात नवल वाटायला नको. बैलाच्या खुराला कुठे पाय टाकावा हे कळते, चाकाला कळत नाही.

वाळूवर टायरची हवा कमी करावी लागते, हे खरे. १५ ते १८ पौंडांवर आणली की टायर पसरतो आणि वाळू दाबत जातो. मग वेग अगदी कमी ठेवायचा, झटका द्यायचा नाही, आणि डांबराला लागताच हवा पुन्हा भरायची. कमी हवेने पळवले तर टायर तापून फुटतो. शेताच्या वाटेवर वाळूचा ओढा लागतो त्यांनी हे शिकून ठेवावे. समुद्रकिनाऱ्यावर मात्र जीप घालूच नये. तिथे वाहन नेण्यास प्रशासनाची मनाई आहे. शिवाय दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी येऊन वाळूत अंडी घालतात. सुमारे दीड महिन्यानंतर पिल्ले निघतात आणि समुद्राकडे धावतात. टायरची चाकोरी त्यांना खंदकासारखी. त्यात पडलेले पिल्लू कावळ्यांच्या तोंडी जाते.

खारा वारा आणि पहिला खर्च

मुरुडच्या पुढे आगरदांड्याहून फेरीबोटीत जीप चढवली की दिघीला उतरता येते. तिथून दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन असा रस्ता समुद्राला जवळजवळ चिकटून जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातल्या पोफळीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. झाड पुन्हा धरायला वर्षे लागतात. अशा घरातून जीपसाठी पैसा निघतो, तेव्हा तो एकेक रुपया मोजूनच खर्चावा.

म्हणून क्रम सांगतो. पहिला पैसा ब्रेकवर. लायनर, चाकांतले सिलिंडर, रबरी नळ्या आणि लोखंडी पाइप तपासा. खाऱ्या हवेत पाइप आतून-बाहेरून गंजतो आणि नेमका उतारावर फुटतो. पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक हळू हळू दाबून वाळवा. दुसरा पैसा स्टेअरिंगवर. चाक डावी-उजवीकडे बरेच फिरूनही गाडी वळत नसेल, तर किंगपिन आणि बॉल जॉइंट सैल झालेले आहेत. ते न करता नवे टायर घातले तर तेही वेडेवाकडे झिजतील. तिसरा पाटे, बुश आणि शॉकअपवर. चौथा टायरांवर. पाचवा रेडिएटर, फॅनबेल्ट आणि वायरिंगवर, कारण शेखाडीच्या वळणावर रात्री दिवे गेले तर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. प्रत्येक सीटला पट्टा बसवा. जॅकखाली ठेवायला एक जाड फळी आणि ओढायला एक चांगला दोर कायम गाडीत असू द्या.

रंगरंगोटी, वरचे दिवे आणि मोठा भोंगा शेवटी. पैसे उरले तर.

बिनपैशाचे एक काम सर्वांत मोलाचे आहे. आठवड्यातून एकदा, आणि खाऱ्या पाण्याला चाक लागले तर त्याच दिवशी, गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. चेसिसच्या पोकळ्यांत साठलेली वाळू पाण्याने काढा. मग ग्रीस भरा. हे काम घरातल्या पोरांना शिकवले तर ती आवडीने करतात.

कागद

सर्वांत आधी पाहायची वस्तू खरे तर कागद. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते आणि त्या भंगारातच जायच्या आहेत. तेव्हा “सरकारी खात्याची आहे, स्वस्तात देतो” असे कोणी म्हणाला तर हात जोडा. गाडीची ठेवण मूळ नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. इंजिन किंवा सांगाडा बदललेला असेल आणि पुस्तकात त्याची नोंद नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर पुस्तकाशी स्वतः ताडून पाहा.

आता घरी सगळे मिळून बसा आणि कागदावर लिहा. या जीपने काय वाहायचे, कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यांत? म्हाताऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यायचे तर वाटेत कोणता ओढा लागतो? घरातल्या बायकांना ते अधिक नेमके ठाऊक असते, त्यांना आधी विचारा. त्या कागदावरून टायर ठरेल. मग तो कागद मेस्त्रीला दाखवा आणि जितके तुमच्या वाटेला लागते तितकेच करून घ्या.