पाणी जाताना

रताळं चिरताना सुरीला पांढरा चीक लागतो आणि बोटं चिकट होतात. महाशिवरात्र जवळ आली की धाराशिवच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. मातीने माखलेली, गुलाबी सालीची, वेडीवाकडी. त्यातली जरा लांबट, सरळ निवडून मी दोन किलो घेतली. सरळ अशासाठी, की मला त्यांच्या काड्या करायच्या होत्या, तळायच्या नव्हे, ओव्हनमध्ये भाजायच्या. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या नातीला फ्राईज हव्या होत्या आणि ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईला उपासाचं काहीतरी हवं होतं. पणजी आणि पणती एका ताटात जेवतील असं दुसरं काही मला सुचलं नाही.

ओव्हन लेकीने दिलेला. छोटा, दोन काचांचा, आत लाल होणाऱ्या चार सळ्या. आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा काचेला कपाळ टेकवून आत बघितलं आणि म्हणाली, "धूर न्हाई, राख न्हाई, आन् भाजतंय कशावर?" मी सळ्या दाखवल्या. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं.

रताळ्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. आपण ज्याला बटाटा म्हणतो ते नाव मुळात रताळ्याचं. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. तो शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांतून निघाला, वाटेत दुसऱ्याच कंदाला चिकटला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला. म्हणजे रताळ्याच्या फ्राईज करताना मी बटाट्याची नक्कल करत नव्हते, ज्याचं नाव त्याला परत देत होते. नातीला हे सांगितलं तर ती दिवसभर रताळ्याला 'खरा बटाटा' म्हणत राहिली.

कृती म्हणाल तर हाताची नाही, धीराची आहे. करंगळीएवढ्या जाड काड्या चिरायच्या, सगळ्या सारख्या, नाहीतर बारीक जळतात आणि जाड कच्च्या राहतात. अर्धा तास गार पाण्यात ठेवायच्या, वरचा पिठूळ स्टार्च तळाशी बसतो. मग निथळून सुती धोतरावर पसरायच्या आणि अगदी कोरड्या होईपर्यंत पुसायच्या. हे पुसणं म्हणजे निम्मा स्वयंपाक. एवढ्या काड्यांना दोन चमचे शेंगदाण्याचं तेल पुरतं. आईच्या वाट्याला राजगिऱ्याचं पीठ भुरभुरलं, शेंदेलोण आणि जिऱ्याची पूड ठेवली. नातीच्या वाट्याला ज्वारीचं पीठ, आणि काळं तिखट शेवटी, कारण आधी घातलं तर ते करपून कडू होतं. मीठही नंतरच, आधी लावलं की मीठ काड्यांमधलं पाणी ओढून वर आणतं आणि मग सगळं पुसणं फुकट जातं.

कारण सगळा खेळ पाण्याचाच आहे. रताळ्यात शंभरातले सत्त्याहत्तर भाग पाणी. काडीच्या अंगावर पाणी आहे तोवर तिचं अंग 100 अंशांच्या वर चढत नाही. ओव्हन 200 वर असला तरी ती फक्त शिजत राहते. ते पाणी उडालं की मग अंग तापतं, आणि साधारण 140 अंशांच्या पुढे त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांत गुंततात, तांबूस रंग धरतात, खमंग वास सुटतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये या बदलाचं वर्णन केलं. भाकरीच्या पापुद्र्यावरचे तपकिरी ठिपके, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, खरपूस कांदा, सगळ्यांमागे तेच. म्हणून ट्रेमध्ये काड्यांची गर्दी करायची नाही. एकीची वाफ दुसरीला ओली करते. एकमेकींना न टेकता, एकाच थरात.

त्या धोतरावर काड्या पुसताना मला सारखं आमचं गाव आठवत होतं. बालाघाटाच्या रांगेतलं, सह्याद्रीने अडवलेल्या पावसाच्या उरल्यासुरल्या शिंतोड्यांवर जगणारं. इथे पाणी जाणं ही बातमी असते, भीती असते. तेरणेचं पात्र उन्हाळ्यात पांढरं पडलेलं मी किती वेळा पाहिलंय. विहिरीचा तळ दिसू लागला की घरात बोलणंसुद्धा कमी व्हायचं. आणि तरी त्याच उन्हाला आमच्या बायकांनी कामाला लावलं होतं. हिवाळ्यात भाजी मुबलक असायची तेव्हा वांग्याच्या फोडी, गवारीच्या शेंगा, भेंडीच्या चकत्या पत्र्यावर पसरून त्यांच्या उसऱ्या करायच्या. उन्हाचीच भट्टी, फक्त तिला तीन-चार दिवस लागायचे. वैशाखात कुठलीच हिरवी भाजी बाजारात दिसेना झाली की आई डब्यातून मूठभर गवारीच्या उसऱ्या काढायची, जराशा तेलात परतायची, वर दाण्याचा कूट. कुरकुरीत, किंचित कडसर, आणि ओल्या गवारीत कधीच न सापडणारी एक दाट चव. पाणी गेलं होतं, पण गवार गेली नव्हती. ती उलट आटून जास्त गवार झाली होती. भाजी सुकवणाऱ्या माझ्या आईच्या पिढीला मी निव्वळ काटकसरी म्हणणार नाही. त्यांना चव कळत होती.

हुरड्याचंही तसंच. आगटीत गोवऱ्यांचा आर, त्यात गूळभेंडीची कणसं, आणि हात भाजत चोळून काढलेले हिरवे दाणे. दाणा अजून दुधाळ असतो आणि विस्तव त्यातलं थोडं पाणी काढून घेतो. थोडंच. जास्त काढलं तर तो दाणा राहत नाही, लाही होते.

आणि आमच्याकडे भाजण्याची गोष्ट निघाली की तेर आठवतंच. धाराशिवपासून फार लांब नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तगर म्हणून ओळखलं जायचं, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरवृत्तात त्याचं नाव आहे. इथला माल भडोचच्या बंदराकडे जायचा. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जुनी मातीची भांडी आहेत. पण आमच्यासाठी तेर म्हणजे आधी गोरोबाकाका. कुंभार संत. संतमेळ्यात थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून कुठलं मडकं पक्कं, कुठलं कच्चं हे बघण्याची त्यांची गोष्ट लहानपणी आईने आम्हाला चुलीपुढे सांगितली होती, आणि नामदेव कच्चे निघाले हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. पुढे एकदा तेरणेकाठी आवा लावताना पाहिला. मडकी आधी सावलीत दिवसेंदिवस वाळत ठेवलेली. मी विचारलं, एवढा वेळ कशाला? कुंभारदादा म्हणाले, आत पाणी राहिलं तर आव्यात वाफ होऊन मडकं फुटतं. घाई केली तर आठवड्याची मेहनत खापऱ्या होते. आधी सावली, मग ऊन, मग आग. त्या दिवसापासून कच्च्या मडक्याचं मला वाईट वाटेनासं झालं. ते वाळत असतं इतकंच.

त्या संध्याकाळी काड्या ओव्हनमध्ये सारल्या, पाच-सात मिनिटं झाली असतील, आणि लाईट गेली.

सळ्या हळूहळू काळ्या पडल्या. नात रडवेली झाली. मी ओव्हनचं दार उघडून ट्रे काढायला गेले तर आईने अंधारातूनच हाक दिली, "उघडू नगं गं. आर इझला तरी राख गरम असती. ऱ्हाऊ दे आत." मी दार लावून टाकलं. मेणबत्ती लावली. आई भिंतीला टेकून पणतीला सांगू लागली, शिवरात्रीच्या आदल्या रात्री चुलीतला आर एका बाजूला ओढून त्याखाली रताळी कशी पुरायची, वर राख कशी ओढायची, आणि पहाटे उकरून काढली की त्यांच्या सालीतून पाकासारखा रस कसा गळालेला असायचा. "साखर घालायची न्हाई त्यात?" नातीने विचारलं, ती तोवर आईसारखं बोलू लागली होती. "साखर कशाला? तीच आतून सुटती, येळ दिला की."

आई म्हणत होती ते शब्दशः खरं आहे. रताळ्यातच एक विकर असतं, जे स्टार्चचं माल्टोज करतं, म्हणजे पिठाची साखर. साधारण 60 ते 75 अंशांच्या टापूत ते नेटाने काम करतं आणि त्यापुढे जास्त तापलं की थंडावतं. झणझणीत ओव्हनमध्ये काडी हा टापू धावत ओलांडते. राखेत पुरलेलं रताळं तिथे तासन् तास मुक्काम करतं. गोडी हा त्या मुक्कामाचा हिशेब. म्हणूनच ओव्हनच्या फ्राईज कुरकुरीत होतात, पण आरातल्या रताळ्याइतक्या गोड होत नाहीत; इतकी वर्षं मला वाटत होतं, तो धुराचा आणि मातीचा गुण.

चाळीस मिनिटांनी लाईट आली. ओव्हन अजून हाताला कोमट होता, काड्या मऊ पडल्या होत्या. मी ट्रे बाहेर काढला, काड्यांवर जमलेला ओलावा पुन्हा फडक्याने टिपला, ओव्हन 220 वर रिकामा तापवला आणि मग काड्या आत ठेवल्या. दहा मिनिटांनी एकेक उलटली, आणखी सहा-सात मिनिटं. कडा काळपट तांबूस झाल्या, काही ठिकाणी साखर बुडबुडून चिकटली. नेहमीपेक्षा जास्त लवकर रंग चढला, आत साखर जास्त होती म्हणून.

एका ताटात दोन ढीग मांडले. नातीच्या बाजूला दही आणि शेंगदाण्याची चटणी, आईच्या बाजूला नुसतं शेंदेलोण. आईने एक काडी उचलली, कानाशी नेऊन मोडली. तिला पापडसुद्धा असाच ऐकून बघायची सवय. काडी बारीक आवाज करून तुटली. तिने अर्धी तोंडात घातली, डोळे मिटले, आणि बराच वेळ नुसती चघळत राहिली.

"राखंत पुरल्यावानी झालंय," ती म्हणाली. मग उरलेली अर्धी काडी तिने पणतीच्या काळ्या तिखटात बुडवली.

"पणजी, तुझा उपास!" नात ओरडली.

"महादेवाचा हाय," आई म्हणाली, "तो बी मसणातल्या राखंत बसतोय," आणि ताट तिने हळूच स्वतःकडे ओढून घेतलं.