तासातासांत वाटलेली मुलं

२६ जून
पाचवीच्या वर्गावर ओळखीचा तास घेतला. चौथीपर्यंत या मुलांना दिवसभर एकच बाई असायच्या. कोण रडून आलंय, कोणाचा डबा तसाच राहिलाय, हे बाईंना हजेरी घेतानाच कळायचं. इथे पस्तीस मिनिटं झाली की घंटा होते आणि दुसरे सर येतात. ज्याला-त्याला मूल आपापल्या तासापुरतंच दिसतं. वेगवेगळ्या तासांना दिसलेलं एकत्र करून बघणारं कोणीतरी लागतं. समुपदेशक म्हणून मी माझ्या कामाकडे असं बघते.

मुलांना नियम सांगितला. माझ्या खोलीत बोललेलं बाहेर जात नाही. पण कोणी तुम्हाला त्रास देत असेल, किंवा तुम्ही स्वतःला वा दुसऱ्याला इजा कराल असं वाटलं, तर मी मोठ्यांना सांगणार, आणि तुम्हाला तसं आधी सांगून मगच. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मार्क कमी पडले तर नाही ना सांगणार?"

९ जुलै
सहावीतल्या एका मुलाबद्दल मराठीच्या बाईंची चिठ्ठी : 'लिखाणाचा कंटाळा. वही कोरी. लक्ष नाही.' मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चौकशी केली. विज्ञानाचे सर म्हणाले, "कोण, तो? तोंडी विचारा, पहिला हात त्याचाच." गणिताच्या बाई म्हणाल्या, उत्तर बरोबर काढतो, पण फळ्यावरची उदाहरणं उतरवताना आकडे इकडचे तिकडे होतात. चित्रकलेच्या सरांची काहीच तक्रार नव्हती. सगळे एकाच मुलाबद्दल बोलत होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं नवल वाटत होतं.

कंटाळा असता तर तो तोंडी परीक्षेतही दिसला असता.

१९ जुलै
त्याचे वडील रात्रपाळी संपवून तसेच आले. मी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमतेच्या तपासणीबद्दल सांगायला लागले, तर मध्येच म्हणाले, "मॅडम, पोरगा वेडा नाही माझा."
"नाहीच. हुशार आहे म्हणून तर बोलावलं तुम्हाला."
मग क्रम समजावला. आधी डोळे आणि कान तपासतात. मग बुद्धिमापन. त्यानंतर वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. खेपा बऱ्याच होतात आणि प्रत्येक खेपेला कामावर खाडा पडतो, हेही लपवलं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.
दहावी त्यांना लांबची वाटली. त्यांची खरी काळजी वेगळी होती. "शाळेच्या दाखल्यावर येणार का हे?" नाही, प्रमाणपत्र वेगळं असतं, असं सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी घेतलं. जाताना म्हणाले, "वही कोरी दिसली की मी मारायचो त्याला." मी म्हटलं, "आजपासून वही बघू नका, धडा तोंडी विचारा."

४ सप्टेंबर
सातवीतली एक मुलगी सारखी गैरहजर असते. कारण म्हणून दर वेळी पोटदुखी. वर्गशिक्षिकेला वाटलं, पाळीचा त्रास असेल. कदाचित शाळेतलं स्वच्छतागृह नको वाटत असेल, म्हणून आधी तेच विचारलं, कारण बऱ्याच मुली याच कारणाने घरी राहतात. तिचं तसं नव्हतं. आई केटरिंगच्या कामाला जाते, वडील कोरोनात गेले, आणि लग्नाची तारीख असली की धाकट्या भावाजवळ हिला थांबावं लागतं.

इथे मुलीचं समुपदेशन करून काय होणार? आईला बोलावलं. धाकट्यासाठी वस्तीतल्या अंगणवाडीची चौकशी केली, उरलेल्या वेळेला शेजारच्या काकू तयार झाल्या. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेबद्दल आईने ऐकलंच नव्हतं. पालक गमावलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज महिला व बाल विकास कार्यालयाकडे आणि मंजुरी बालकल्याण समितीची. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड अशी यादी काढून दिली. बोनाफाईड शाळेतूनच मिळायचं, ते कारकुनांकडून लगेच करून घेतलं. सातवीतच आणखी एक गोष्ट कानावर घातली : पुढच्या वर्षी आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये.

१८ सप्टेंबर
आज एका मुलीने जे सांगितलं ते या वहीत लिहीत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे आणि ते कळवलं. 'घराची अब्रू' हा शब्द दोनदा ऐकावा लागला. कायद्याने यात मला निवड ठेवलेली नाही, हे बरंच आहे.

१० ऑक्टोबर
जागतिक मानसिक आरोग्य दिन. फाटकाजवळ फलक लावला : टेली-मानस १४४१६, चाइल्डलाइन १०९८. पहिली सेवा २०२२ साली याच तारखेला सुरू झाली. फलकासमोर आठवीतली दोन मुलं रेंगाळली होती. "मॅडम, फोन केला तर घरी कळतं का?" कोणाला फोन करायचाय, असं मी विचारलं नाही. दोघांना माझ्या रिकाम्या तासाची वेळ सांगितली.

१४ नोव्हेंबर
दिवाळीच्या सुट्टीत सातवीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीचा फोटो विद्रूप करून फिरवला गेला. पालकांचं एकच म्हणणं, फोन काढून घेतो. मी विरोध केला. सांगितलं म्हणून फोन गेला, असं एकदा झालं की पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही. फोटो टाकणाऱ्याला आणि तिला समोरासमोर बसवून 'सॉरी म्हण' करायचं नाही, हेही ठरलं. तिला काय हवंय ते आधी विचारलं. तिला माफी नको होती. ज्यांनी हसण्याच्या चित्रखुणा टाकल्या त्या सगळ्यांनी फोटो पुसून टाकावा, एवढंच. प्रत्येकाला एकेकटं बोलावलं. एकेकटा आल्यावर कोणीच हसलं नाही.

२० डिसेंबर
वही कोरी ठेवणाऱ्या त्या मुलासाठी मुख्याध्यापकांनी सहावीच्या सगळ्या विषयशिक्षकांना शनिवारी शाळा सुटल्यावर एकत्र बसू दिलं. मी अक्षमतेचं नाव घेतलं नाही. तपासणीचा अहवाल यायचाय अजून. फक्त प्रत्येकाने आपल्या तासाला काय दिसतं ते सांगायचं, एवढंच ठेवलं. सुरुवातीला कुरकुर झाली : पन्नास-साठ मुलांत एकाकडे कुठे बघणार? मग मराठीच्या बाई म्हणाल्या, "तोंडी घेईन मी त्याचं, पण बाकीच्यांनी हा अन्याय म्हटलं तर?" विज्ञानाच्या सरांनी उत्तर दिलं, "चष्मा लावणाऱ्याला कोणी म्हणतं का?"

ठरलं ते असं : जागा पहिल्या बाकावर, फळ्यावरचं उतरवायला लावण्याऐवजी छापील टिपण, घटक चाचणीत प्रश्न वाचून दाखवायचे, शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल शाई नाही. सही सगळ्यांनी केली. निघताना गणिताच्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, पाचवीतही एक आहे, तिला सोमवारी तुमच्याकडे पाठवू का? मी म्हटलं, आधी तिच्या बाकीच्या शिक्षकांना विचारूया.