एका कपात, तीन कुंड्यांत

चि. बाय,



तुझ्या गॅलरीतल्या कुंडीचा फोटो पाहिला. गवती चहा, तुळस, पुदिना, आलं आणि पानओवा, सगळी वऱ्हाडं एकाच खोलीत उतरवलीस की गं! चहात एकत्र पडतात म्हणून मातीतही नांदतील, असा तुझा हिशेब दिसतो. पहिला महिनाभर कुंडी छान दिसेलही. दिवाळीपर्यंत मात्र तिच्यात एकटा गवती चहाच राहील. त्याची मुळं एवढी दाट होतात की बाकीच्यांना माती उरत नाही.

शेजारी कोणाला लावायचं हे चवीवरून ठरवू नकोस, पाण्यावरून ठरव. ज्यांना तहान सारखी त्यांना एकत्र ठेव. म्हणजे तुला तीन कुंड्या लागतील.

पहिली गवती चहाची, एकट्याची. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा त्याला बरा. तळाला भोकं पाड, वर विटांचे तुकडे घाल. भरपूर ऊन आणि भरपूर पाणी दिलंस की बाकी लाड नकोत. पात कापताना चार बोटं बुंधा राखून काप आणि कडेवरून हात फिरवू नकोस, ब्लेडसारखी लागते. दोन-तीन वर्षांनी डब्यात गर्दी झाली की ठोंब फोडून वेगळे कर, नाहीतर पात बारीक होत जाते.

दुसऱ्या कुंडीत तुळस आणि पानओवा. दोघांनाही ऊन हवं, पण पाय ओले राहिलेले चालत नाहीत. वरची माती सुकली की मगच पाणी. पानओव्याची जाड पानं स्वतःच पाणी साठवतात, तो आडवा पसरत तुळशीवर चढायला लागला की कात्री लाव. तुळशीची मंजिरी दिसताच खुड, म्हणजे ती बियांमागे न लागता पानं धरते. तुझ्या सासूबाईंच्या वृंदावनातली तुळस चहासाठी खुडू नकोस. ती पूजेची आहे. द्वादशीला नि रविवारी तिला हात लावत नाहीत, आणि तुला चहा तर रोज लागतो. पण वृंदावन एकदा नीट बघून घे. तुळशीला अंगणापासून उंचावर, तिच्या एकटीच्या जागेत ठेवायचं म्हणजे पाणी मुळाशी तुंबत नाही. आपल्याकडच्या पावसात हे शहाणपण देवपूजेइतकंच महत्त्वाचं.

तिसऱ्या, पसरट नि वीतभर खोल टबात आलं आणि पुदिना. ही जोडी माझ्या आवडीची. दोघांनाही अर्धी सावली आणि ओलसर, भुसभुशीत माती लागते. तांबडी माती, मुरलेलं शेणखत आणि गिरणीतून आणलेला भाताचा तूस सारख्याच मापाने घेतलास तरी चालेल. आलं उंच जातं, पुदिना त्याच्या पायाशी जमीन झाकतो. पुदिन्याची खोड एकच, धावतं खोड कुठेही घुसतं. पण पौषात आल्याची पानं पिवळी पडून वाळली की टब उपसावाच लागतो, तेव्हा पुदिनाही आपोआप आवरला जातो. त्याच्या चार काड्या पाण्याच्या पेल्यात ठेव, मुळं सुटली की पुन्हा लाव. बाजारच्या जुडीतल्या काड्याही चालतात.

आता पावसाचं. मिरग तोंडावर आलाय. एप्रिलात तुमच्या महाडात पारा चाळिशीला टेकतो, आणि जुलैत तेच अंगण चिखलाचं. म्हणून तुळस-ओव्याची कुंडी पागोळीखाली ठेवू नकोस. पत्र्यावरून पडणारी धार माती खणून काढते आणि तुळशीचं खोड काळं पडतं. आल्याचा टबही छपराखाली घे, पाणी साचलं की गड्डा कुजतो. गवती चहाला खुशाल भिजू दे. आणि कुंड्या अशा घे की दोघांना उचलता येतील. २०२१ च्या २२ जुलैचा पूर तुमच्या गल्लीतल्या कोणालाही विचार. सावित्री नि गांधारीचं पाणी चढायला लागलं की माणसं आधी कागदपत्रं वर नेतात, मग धान्य, आणि झाडाचा नंबर लागलाच तर शेवटी. पुराचा गाळ बसलेल्या मातीतलं काही चहात घालू नये. ती माती टाकूनच द्यायची.

आणखी एक, जरा रागाने सांगते. एमआयडीसीच्या वाटेवर भंगारवाल्याकडे निळे ड्रम स्वस्तात मिळतात आणि अर्धे कापले की झकास टब होतात. आत काय भरलं होतं ते त्यालाही ठाऊक नसतं. फुलझाडं लाव हवी तर. पण जे उकळून प्यायचं ते त्यात नको. फवाऱ्याची औषधंही नकोत. तुळशीवर पांढरा कापसासारखा मिलीबग आला तर पाण्याची जोराची धार, नाहीतर पातळ साबणपाणी, आणि दोन-तीन दिवसांनी पानं स्वच्छ धुऊन घे.

चहाचं म्हणशील तर आलं आधी पाण्यात चांगलं उकळ, मग दूध. कच्च्या आल्यात दूध फाडणारा पाचक रस असतो, उकळल्यावर त्याचा जोर जातो. तुझा चहा फाटतो तो दुधवाल्याच्या नावे खपवू नकोस. गवती चहाची पात गाठ मारून टाक आणि झाकण ठेव. तिच्यात लिंबाच्या सालीतलंच सिट्रल असतं, ते वाफेबरोबर उडून जातं. पानओवा अर्धं पानच पुरे, जास्त झालं तर काढा होतो. पुदिना मला दुधात पटत नाही, त्याला गुळाचा कोरा चहाच हवा. तुझ्या घरी वेगळं मत असेल तर असू दे.

शनिवारी वहिनी पोलादपूरहून सकाळच्या एसटीने महाडला येतेय. तिच्याकडे गवती चहाचे तीन ठोंब, पानओव्याची फांदी आणि डोळे फुटलेलं आलं देते. ठोंब ओल्या गोणपाटात गुंडाळलेत, त्याच संध्याकाळी लाव. स्टँडवर कोणाला तरी पाठव, तिच्याजवळ फणसही आहे.

तुझी,
आत्या