सात बिटांची रोजनिशी

फोनवर पामचा एम्युलेटर पहिल्यांदा सुरू केला, की तो कामाला लागण्याआधी आपली परीक्षा घेतो. राखाडी पडद्याच्या कोपऱ्यात एक फुली उमटते. तिच्या बरोब्बर मध्यावर लेखणी टेकवा, अशी सूचना येते. मग दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी फुली. पामचा पडदा दाबावर चालायचा, आणि दाब नेमका कुठे पडला हे यंत्राला आधी शिकवावं लागायचं. आजच्या फोनच्या काचेला असल्या शिकवणीची गरज नाही. तरी जुनं सॉफ्टवेअर विचारतं आणि मी मुकाट्यानं बोट टेकवतो. इथे लेखणी नाही, दाब नाही, मुळात पामच नाही. हे त्याला कळू न देणं एवढीच एम्युलेटरची नोकरी.

नव्या मुलांसाठी थोडं सांगायला हवं. 1996 साली अमेरिकेत ‘पायलट 1000’ नावाचं, शर्टाच्या खिशात मावणारं यंत्र बाजारात आलं. पत्ते, कामांची यादी, टिपणं आणि तारखांची वही, एवढंच त्याचं काम. (पेन बनवणाऱ्या पायलट कंपनीशी वाद झाला, म्हणून पुढे नाव नुसतं ‘पाम’ राहिलं.) त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स यंत्र तयार होण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून फिरत असे. कुणी भेटीची वेळ मागितली, की ठोकळा काढायचा आणि त्यावर काडी टेकवत तारीख बघितल्यासारखं करायचं. तो ठोकळा आता कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयात आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण सोंग आधी आलं आणि यंत्र नंतर. आज यंत्र गेलंय आणि पुन्हा सोंगच उरलंय.

त्या पहिल्या यंत्रात 16 मेगाहर्ट्‌झचा मोटोरोलाचा प्रोसेसर होता, 128 केबी मेमरी होती, 160 बाय 160 ठिपक्यांचा पडदा होता. करंगळीएवढ्या दोन बॅटऱ्यांवर ते कित्येक आठवडे चालायचं. तो आख्खा पडदा आजच्या फोनवर जशाच्या तसा उमटवला, तर टपालाच्या तिकिटाएवढाही भरणार नाही. म्हणून तो ताणून मोठा करावा लागतो, ठिपक्यांचे चौकोन उघडे पडतात. आणि वेग? फोनला मुद्दाम रेंगाळावं लागतं. पामचा कार्यक्रम जी आज्ञा देतो ती मोटोरोलाच्या भाषेत असते. एम्युलेटर ती एकेक आज्ञा वाचतो, आपल्या प्रोसेसरकडून करवून घेतो आणि उत्तर जुन्याच थाटात परत देतो. बहुरूपी पोलिसाचा वेष घालून दारात उभा राहतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे समोरच्याला शेवटपर्यंत खरं कळत नाही.

ही नक्कल नवी नाही. पहिल्या पायलटच्या वर्षीच ‘कोपायलट’ नावाचा एम्युलेटर निघाला होता. त्याचा गाभा अमिगा या त्याहून जुन्या संगणकाच्या एम्युलेटरमधून घेतला होता, कारण दोघांचा प्रोसेसर एकाच घराण्यातला. 2002 मध्ये तर खुद्द पामनंच हा मार्ग धरला. नवी यंत्रं एआरएम प्रोसेसरवर नेली आणि जुने कार्यक्रम चालावेत म्हणून आत एक नकली मोटोरोला बसवून दिला. म्हणजे लोकांच्या हातात खरा पाम असतानाच, आतले बहुतेक कार्यक्रम नकली पामवर चालत होते. वापरणाऱ्यांना पत्ता नव्हता. ‘खऱ्या यंत्रावरची मजा वेगळीच’ असं कुणी म्हणालं, की मला हे आठवतं.

आज हे सगळं करणं सोपं झालंय. ‘क्लाउडपायलट’ नावाचा एम्युलेटर ब्राउझरमध्येच चालतो. इंटरनेट आर्काइव्हनं 2022 साली पामचे पाचशेहून जास्त कार्यक्रम असेच ब्राउझरमध्ये चालतील असे खुले करून ठेवले. रॉमच्या, म्हणजे एम्युलेटरला लागणाऱ्या पामच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, मालकीचा प्रश्न मात्र लोंबकळत असतो. पामच्या सॉफ्टवेअरची शाखा 2005 मध्ये जपानी कंपनीनं घेतली, यंत्रांची शाखा 2010 मध्ये एचपीनं घेतली, आणि पुढच्याच वर्षी एचपीनं तो धंदा गुंडाळला. वारस आहेत, पण वाड्यात कुणी राहत नाही.

मग कशासाठी चालवायचं? निव्वळ आठवणींसाठी म्हणाल तर नाही. मला त्यातली पुरी झालेली गोष्ट आवडते. तारखांची वही उघडली, की वहीच उघडते. ती माझं खातं विचारत नाही, नवी आवृत्ती घ्या म्हणत नाही, कुणाचा वाढदिवस आहे हे सांगण्याच्या निमित्तानं काही विकायला बघत नाही. ‘सेव्ह’ नावाचं बटणच नाही, लिहिलं की राहिलं. पामच्या रचनाकारांची एक शिस्त होती: एखादं काम करायला लेखणी किती वेळा टेकवावी लागते ते मोजायचं आणि एक जरी टेकवणं जास्त वाटलं तर कापायचं. आज माझ्या फोनवरची बरीच ॲप्स अर्धवट बांधलेल्या इमारतीसारखी नाहीत, हे मान्य. पण ती कायम डागडुजीत असतात, आणि परवा जिथे दार होतं तिथे आज भिंत असते. पामचा कार्यक्रम ज्यानं लिहिला तो लिहून थांबला. थांबता येणं ही त्या धंद्यातली दुर्मीळ कला होती, असं मला आता वाटतं.

मला ही जाण यायला वेळ लागला, कारण मी स्वतः डागडुजीवाला. आमची आख्खी पिढी वायटूकेच्या लाटेवर अमेरिकेत गेली. न्यू जर्सीत एका खोलीत चौघं मराठी पोरं, दिवसभर कोबॉलच्या जुन्या कार्यक्रमांत दोन आकडी वर्षं शोधायची आणि चार आकडी करायची. संध्याकाळी भात-आमटी. पहिल्या बचतीतून मी पाम थ्री घेतला आणि हस्ताक्षर नव्यानं शिकलो.

पामवर लिहायची लिपी होती ग्राफिटी. प्रत्येक अक्षर एका झटक्यात, लेखणी न उचलता. ‘ए’ म्हणजे मधली रेघ नसलेलं घराचं छप्पर. ‘टी’ म्हणजे आडवी रेघ मारून उजव्या टोकाला खाली. जागा सोडायची तर डावीकडून उजवीकडे रेघ, पुसायचं तर उलटी. अक्षरं शेजारी शेजारी नाही, एकाच चौकोनात एकावर एक लिहायची. माझ्या आजोबांना मोडी येत असे. आधी पानभर आडव्या रेघा आखून घ्यायच्या आणि मग हात न उचलता अक्षरं लटकवत जायची, हे मी लहानपणी बघितलेलं. त्यामुळे यंत्रासाठी अक्षराचा आकार बदलायचा यात आमच्या खोलीत मलाच काही विचित्र वाटलं नाही. वेगासाठी लिपी वाकते, कधी बोरूच्या, कधी प्रोसेसरच्या.

पण मोडीचे कागद उरले. पुण्याच्या दफ्तरात रुमालांमध्ये बांधून ठेवलेत आणि ते वाचू शकणारी माणसं अजून तयार होताहेत. ग्राफिटीचा एक कागद कुठे नाही. रेघ ओढली, यंत्रानं ओळखली, की छापील अक्षर उमटायचं आणि रेघ नाहीशी. ती लिपी फक्त हातात होती. एम्युलेटरमध्ये तो चौकोन जसाच्या तसा आहे. लेखणीच्या टोकासाठी आखलेला, त्यामुळे बोट बोजड वाटतं. तरी मी पहिल्यांदा बोट ठेवलं तेव्हा डोकं आठवत बसलं आणि बोट लिहून मोकळं झालं. आर्काइव्हला कार्यक्रम जतन करता येतो, ही गोष्ट नाही करता येत. ती आमच्याबरोबर जाईल, आणि त्याचं मला फारसं दुःखही नाही.

पाम संगणकाला जोडून बटण दाबलं, की सगळ्या नोंदींची एक प्रत संगणकावर पडायची. माझी तशी प्रत एका जुन्या सीडीवर सापडली आणि एम्युलेटरनं ती विनातक्रार वाचली. माझ्या पामवर देवनागरी नव्हती, म्हणून सगळं मराठी रोमन अक्षरांत. कोथिंबीर, आईला फोन, गाडीचा विमा, पुन्हा आईला फोन.

आणि त्यातच मला जुनं दुखणं दिसलं. पाममध्ये तारखेसाठी 16 बिट असतात: दिवसाला पाच, महिन्याला चार, वर्षाला सात. वर्ष 1904 पासून मोजायचं. सात बिटांत 127 पर्यंतच आकडा मावतो, म्हणजे वही संपते 31 डिसेंबर 2031 ला. आम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत वर्ष किती आकडी आहे ते तपासत होतो आणि खिशात हे घेऊन हिंडत होतो. ज्यांनी सात बिट दिले त्यांना मी नावं ठेवणार नाही. 128 केबीत राहायचं तर प्रत्येक बिटाला भाडं पडतं, आणि 1996 मध्ये बसलेल्या माणसाला पस्तीस वर्षं म्हणजे पुष्कळ. पुऱ्या झालेल्या वस्तूला शेवटची तारीखही असायचीच.

तोडगा मी काढून ठेवलाय. 2032 उजाडलं, की यंत्राला सांगायचं, हे 2004 आहे. दोन्ही लीप वर्षं, दोन्हींची सुरुवात गुरुवारी, वारच्या वार जुळतात, आणि तसे ते पुढची 28 वर्षं जुळत राहतील. माझ्या जुन्या नोंदी मात्र त्या त्या दिवशी मधे येतील. 12 मार्च, शुक्रवार: दातांच्या डॉक्टरकडे साडेचार वाजता. त्या तेवढ्या पुसाव्या लागतील, किंवा नाही पुसल्या तरी चालतील. तिथी काही जुळायच्या नाहीत, त्यामुळे गणपती कधी बसतात ते भिंतीवरच्या कालनिर्णयातच बघायचं.