भद्रेश्वरचे धान्यकोठार

गांधीधामहून मुंद्र्याकडे जाताना कच्छच्या किनाऱ्यालगत भद्रेश्वर हे छोटेसे गाव लागते. श्रावक तेथे वसई तीर्थाच्या दर्शनाला जातात. मूलनायक भगवान महावीर आणि भोवती बावन्न देवकुलिका, अशी या जिनालयाची रचना आहे. जुनी वास्तू २००१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली. आजचे मंदिर नव्याने उभारलेले आहे. दर्शनानंतर गावात थोडे फिरल्यास इब्राहिमचा दर्गा दिसतो. त्यातील शिलालेख इ. स. ११५९-६० चा आहे. एके काळी हे नांदते बंदर होते आणि समुद्रापलीकडचे व्यापारी येथे वस्तीला असत, याची ती साक्ष होय.

तेराव्या शतकात याच बंदरात जगडूशाह या श्रीमाळी श्रावकाचा व्यापार होता. सर्वानंदसूरींनी ‘जगडूचरित’ या संस्कृत काव्यात त्यांची कथा सांगितली आहे. दुष्काळ येणार हे गुरूंकडून कळताच त्यांनी ठिकठिकाणी धान्य साठवले. विक्रम संवत १३१३ पासून सलग तीन वर्षे दुष्काळ पडला. गुजरातचे राजे वीसलदेव यांनी धान्य मागितले, तेव्हा कोठारातील धान्य आपले नाहीच, असे जगडूशाहांनी सांगितले. कोठारे उघडली, तेव्हा आत ताम्रपट निघाला. हे धान्य रंकांसाठी ठेवले आहे, अशी त्यावर नोंद होती. पुढे त्यांनी वीसलदेवांना, तसेच सिंध, माळवा, काशी आणि दिल्लीच्या राज्यकर्त्यांनाही धान्य दिले व ११२ दानशाळा चालवल्या, असे चरित्र सांगते. काव्यातील आकड्यांत अतिशयोक्ती असेल. ताम्रपटामागचा विचार मात्र स्पष्ट आहे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे त्या ताम्रपटाकडे मी हिशेबाच्या दृष्टीने पाहतो. भाव चढण्यापूर्वीच जगडूशाहांनी तो साठा मालमत्तेतून काढून देण्याच्या बाजूला लिहिला होता. देणे म्हटले की उपकाराची भाषा संपते. शिवाय ज्याचे देणे, त्याच्या नावापुढे जात वा धर्म लिहिलेला नव्हता. केवळ ‘रंक’ एवढीच ओळख होती.

याच जगडूशाहांनी भद्रेश्वरच्या जिनालयाचा जीर्णोद्धार केला आणि मशीदही बांधली, असे चरित्रात नमूद आहे. साधर्मिकांविषयीचे वात्सल्य आणि परक्यांविषयीची आस्था एकाच पेढीत नांदत होती. ज्यांच्याशी रोजचा व्यवहार, त्यांचे सुखदुःखही व्यापाऱ्याला परके राहत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी सुपात्रदानाबरोबर अनुकंपादानही सांगितले आहे. अनुकंपादानात पात्रता पाहायची नसते. समोरच्याचे दुःख हेच कारण पुरेसे असते. आज आपली वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि वैद्यकीय मदत बहुधा समाजापुरती असते. ‘आधी आपले, मग इतर’ हा क्रम चुकीचा नाही. परंतु तो ‘मग’ अनेकदा येतच नाही. पांजरपोळातील मुक्या जिवांपर्यंत पोहोचलेली आपली करुणा दुकानातल्या हमालाच्या मुलीच्या फीपाशी का थांबावी?

येत्या दिवाळीला वहीपूजन करताना नव्या वहीत एक खाते देण्याच्या बाजूला उघडावे. रक्कम लहान असली तरी चालेल. फक्त ज्याला द्यायचे, त्याचा समाज विचारणारा रकाना त्यात नसावा.