मियाटाचा पैसा कुठे घालावा

एडिसन, न्यू जर्सी

चि. भाच्यास,

1992ची मियाटा घेतलीस, रोज तिनंच ऑफिसला जातोस आणि आता तिला रोड अटलांटाच्या ट्रॅकवर नेणार आहेस, हे ताईकडून कळलं. ताईला काळजी वाटते, मला मनापासून आनंद झाला. तू पाठवलेली सामानाची यादीही वाचली. पहिल्या ओळीत टर्बो आणि शेवटच्या ओळीत ब्रेक. ही यादी खालून वर वाचावी, असं माझं ठाम मत आहे. का, ते जरा विस्तारानं लिहितो.

माझ्दानं ही गाडी फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये दाखवली. जुन्या ब्रिटिश उघड्या गाड्यांसारखी हलकी, स्वस्त गाडी काढा, हा आग्रह बॉब हॉल या अमेरिकन पत्रकारानं कंपनीकडे आधीपासून धरला होता. तोशिहिको हिराई यांच्या चमूनं ती प्रत्यक्षात आणली. 1.6 लिटरचं इंजिन, अमेरिकेत 116 अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेंशन, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक ताठ चौकट. त्या किमतीत असं सस्पेंशन देणं ही चैन होती. 2016मध्ये दहा लाखावी मियाटा बनली, ती अश्वशक्तीच्या जोरावर नव्हे. वळणावर गाडी चालवणाऱ्याचं ऐकते म्हणून लोक तिच्यावर जीव टाकतात.

तेव्हा पहिला खर्च ब्रेक ऑइलचा. खर्च म्हणायलाही संकोच वाटावा इतका तो कमी आहे. वेग दुप्पट झाला की थांबवताना चौपट उष्णता निर्माण होते. शहरात ती निवायला वेळ मिळतो. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत पुन्हा तोच मारा. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 आहे. ते उकळलं की नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. रोड अटलांटाला मागचा लांब सरळ रस्ता संपतो तिथे, दहाव्या वळणाच्या तोंडाशी, असं होणं कुणालाही परवडणारं नाही. रेसिंगसाठी बनवलेलं, 300 अंशांच्या पुढे टिकणारं डॉट 4 घे आणि ट्रॅकवर जाण्याच्या आदल्या आठवड्यात बदल.

पॅडचं दुखणं वेगळं. पेडल घट्ट आहे, पाय जोरात दाबलाय, तरी गाडी थांबत नाही, असं झालं तर ऑइल नव्हे, पॅड तापून निकामी झालेत असं समजावं. त्यावर ट्रॅकचे पॅड हा उपाय. मात्र ते थंड असताना नीट पकडत नाहीत. सकाळी ऑफिसला निघताना पहिल्याच सिग्नलला ते धोक्याचे ठरतात, शिवाय किंचाळतात आणि चाकं काळी करतात. म्हणून रोज गाडी वापरणारे अनेक जण दोन जोड ठेवतात आणि शुक्रवारी संध्याकाळी बदलतात. मियाटाचे कॅलिपर उघडायला सोपे आहेत, तू अंगणात करू शकशील. पुढे हात मोकळा झाला की 1994नंतरच्या 1.8 लिटर मियाटाचे ब्रेक बसव. तुझ्या पुढच्या डिस्क 235 मिलिमीटरच्या आहेत, त्या 255च्या. भंगारात गेलेल्या गाडीतून ब्रॅकेट मिळतात, डिस्क आणि पॅड नवे घ्यावेत.

आता टायर. साइडवॉलवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. तो जितका कमी, तितकं रबर मऊ आणि पकड जास्त. अमेरिकेतल्या एससीसीए या संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून होणाऱ्या शर्यतींत, रस्त्यावरच्या गाड्यांच्या स्ट्रीट गटात 200पेक्षा कमी आकडा चालत नाही. तुलाही तोच योग्य. याहून मऊ टायर रोजच्या वापरात लवकर संपतील आणि पावसात दगा देतील.

सोबत चांगल्या गॅरेजमध्ये व्हील अलाइनमेंट करून घे. पुढच्या चाकांना थोडा जास्त निगेटिव्ह कॅम्बर दिला, म्हणजे चाकाची वरची बाजू आत कलवली, की वळणात टायर पूर्ण टेकतो. अति केलंस तर हायवेवर त्याची आतली कड झिजेल. तीस वर्षांचे रबरी बुश आणि दमलेले शॉकअप असतील तर आधी तेच बदल. तेवढ्यानंही गाडीत मोठा फरक पडतो.

ताईची काळजी जिथे खरी आहे, तिथे येतो. गाडी उघड्या टपाची, म्हणून ती उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान, म्हणजे रोल बार, हवाच. आपलं हेल्मेट घातलेलं डोकं रोल बारच्या आणि विंडस्क्रीनच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेखाली राहिलं पाहिजे. ट्रॅकवर तपासणारे काठी आडवी धरून हे बघतात. पण रोजच्या गाडीत पूर्ण पोलादी नळ्यांचा केज बसवू नकोस. रस्त्यावर डोक्यात हेल्मेट नसतं, आणि साध्या धडकेतही डोकं त्या नळ्यांवर आपटू शकतं. चार पट्ट्यांचा हार्नेस मूळ सीटवर अडकवणं हेही तसंच घातक: धडकेत शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतं. रेसिंगची सीट, रोल बार आणि सहा पट्टे हे सगळं एकत्र घेता येणार नसेल, तर कंपनीचा मूळ सीटबेल्टच बरा.

रेडिएटर बघितलास का? वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असेल तर ठीक, हिरवट तपकिरी झाली असेल तर ती तडकण्याच्या वाटेवर आहे.

आणि टर्बो. 1.6च्या गाडीतलं डिफरन्शियल लहान आहे, जास्त ताकद घातली की ते तुटतं. ते बदललं की क्लच, मग रेडिएटर, मग पुन्हा ब्रेक, आणि रोज ऑफिसला नेणारी गाडी महिनोन् महिने जॅकवर. स्पेक मियाटा ही शर्यत 1999पासून चालू आहे. तिथे सगळ्यांना ठरवून दिलेलं सस्पेंशन आणि जवळपास सारखी ताकद असते, 1.8च्या गाड्यांच्या इंजिनात जाणारी हवा तर मुद्दाम अडवली जाते. फरक पडतो तो चालवणाऱ्यामुळे. ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या 500 डॉलरच्या गाड्यांच्या शर्यतीतसुद्धा ब्रेक, टायर आणि सुरक्षेचं सामान त्या 500मध्ये धरत नाहीत. इतकी काटकसर करणाऱ्या आयोजकांनीही या तीन गोष्टींवर हात आखडलेला नाही. तेव्हा टर्बोसाठी ठेवलेल्या पैशातून प्रशिक्षक शेजारी बसवून मिळणारे ट्रॅकचे दिवस विकत घे. आणि विम्याची पॉलिसी वाच, बहुतेकांमध्ये शर्यतीतलं नुकसान भरून मिळत नाही.

टायरच्या कडेवर डॉट अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही चाकांचे आकडे मला या आठवड्यात कळव, त्यावरून आधी टायर घ्यायचे की रोल बार, ते ठरवू.

तुझा,
मामा